आक्का, तू ते वाचलंस का?

आक्का,

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लावायला फोटोच सापडेना. म्हणजे फोटो होते, पण एकाही फोटोत तुझं तोंड बंद नव्हतं. एकात तू कुणाला तरी बोट दाखवून काही सांगतेयस, एकात फोटो काढणाऱ्यालाच झापतेयस, एकात घास अर्धा आत आणि वाक्य अर्धं बाहेर. तुझी लेक मुक्ता पुण्याहून आलेली, ती अल्बम चाळून चाळून दमली आणि म्हणाली, 'दादा, आईचा शांत फोटो एकही नाही.' मी म्हटलं, ती शांत बसली असती तर कुणी काढला असता ना. शेवटी झापतानाचाच लावला. मेणबत्त्या, पांढरी फुलं, वंदना, सगळं रीतसर झालं आणि मधोमध तू आमच्यावर ओरडत होतीस. लोक डोळे पुसत होते आणि हसत होते. तुला आवडलं असतं. किंवा नसतंही, कारण फोटो लावण्याआधी तुला कुणी विचारलं नव्हतं.

तुझं शिक्षण, तुझी कॉलेजातली नोकरी, तू किती मुलांना फिजिक्स शिकवलंस, हे सगळं त्या दिवशी माइकवरून बोलून झालं. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुला एकच विचारायचंय. तू गेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिकटीवर तुला एक उत्तर लिहिलं होतं. ते तू वाचलंस का?

हे इतरही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जिथं तीन रस्ते मिळतात आणि काम नसलेली माणसं उभी राहतात, त्या जागेला आमच्या कोल्हापुरात तिकटी म्हणतात. आपली तिकटी इंटरनेटवर. तुझ्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर ठेवलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर ती चालायची. शहरातली आणि आसपासच्या गावांतली माणसं तिथं प्रश्न विचारतात आणि उत्तर शोधायला खरोखर घराबाहेर पडतात. नळाच्या पाण्याला ठरावीक दिवशीच वास का येतो, बोरचं पाणी उन्हाळ्यात किती खाली जातं, आमच्या गडमुडशिंगीतले बगळे अंधार पडल्यावर कुठं जातात, ज्यावर तुझं-माझं कधी जुळलंच नाही. तिथं जाहिरात नाही, कंपनी नाही, आणि तुम्हाला काय दाखवलं म्हणजे तुम्ही चिडून तिथंच बसून राहाल हे ठरवणारं यंत्र नाही. जे आधी लिहिलं ते खाली, नंतर लिहिलं ते वर, बस.

या सगळ्याची सुरुवात तुझ्या हकालपट्टीतून झाली. सोसायटीचा ग्रुप, माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप, तुमच्या भावकीचा ग्रुप, जिथं जाशील तिथं तू प्रत्येक पुढे ढकललेल्या मजकुराखाली एकच प्रश्न लिहायचीस, 'कसं कळलं?' सुप्रभातच्या फुलाखालीसुद्धा एकदा लिहिलं होतंस. एकेका ग्रुपनं तुला बाहेर काढलं आणि तू ते पोराचा नंबर आल्यासारखं सगळीकडं सांगत फिरलीस. त्याच सुमारास मला मंडईत भेटलीस. मी तुझा अकरावीतला विद्यार्थी, आता एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कॉम्प्युटर सांभाळणारा. तू भाजीची पिशवी माझ्या हातात कोंबलीस आणि म्हणालीस, 'सुऱ्या, तुला कॉम्प्युटरातलं कळतंय न्हवं? मग आपलाच ग्रुप काढू की. जिथनं मला कोण काढणार न्हाय असा.'

मी 'हो मॅडम' म्हणालो. त्यावर म्हणालीस, मॅडम रिटायर झाली, आता आक्का म्हण आणि एकेरीत बोल, भांडायला सोपं जातं. पहिले काही दिवस माझी जीभ वळेना. मग एकदा वळली ती वळलीच.

तिकटीचे नियम तू केलेस आणि मी ते मशीनला शिकवले. लाइकचं बटण नको, कारण आवडलं तर तसं लिहावं, बोटं काही झिजत नाहीत. आणि उत्तर पाठवण्याआधी चारपैकी एक शब्द निवडायचाच: पाहिलं, ऐकलं, वाचलं, वाटलं. तुला वाटलेलं, तुझा नियम सोपा आहे. पण तू कोल्हापूरकरांना विसरली होतीस. पहिला महिनाभर झाडून सगळे 'पाहिलं' निवडत होते. आपल्याकडच्या माणसाला 'मला आपलं असं वाटलं' हे चारचौघांत म्हणायचा भारी कमीपणा वाटतो. एकानं तर स्वतःच्या जन्माआधी झालेली कुस्ती 'पाहिलं' म्हणून लिहिली, डावासकट. तू त्याला विचारलंस, आईच्या पोटातनं बघितलीस का. तो गडी दोन दिवस रुसला आणि मग आपल्या आजोबांना विचारून, 'ऐकलं' म्हणून तीच कुस्ती परत लिहिली. या वेळी निकाल उलटा होता.

एक नियम मात्र मला मान्य नव्हता. समोरच्यानं आपलं लिहिलेलं वाचलं की खूण उमटते ना, ती मला हवी होती. मी म्हणायचो, निदान पोचलं का नाही ते तरी कळू दे. तू ऐकलं नाहीस. 'मी वाचलं का न्हाय हे माझं मी बघीन. कोणतरी दार वाजवलं म्हणून घरात कोण हाय ते भिंतीनं सांगायचं नसतंय.' मी वाद घातला, हरलो, आणि ती खूण न ठेवता तिकटी सुरू केली. आज त्या भिंतीसमोर मी उभा आहे आणि ती काही सांगत नाही.

पण मिक्सरचं प्रकरण लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तुझ्या ओट्याजवळ प्लग एकच. मिक्सर लावायचा झाला की तू सरळ तिकटीची पिन काढायचीस, वाटण करायचीस आणि पिन परत लावायचीस. लावायची आठवण राहिली तर. इकडं लोकांची वाक्यं अर्ध्यावर तुटायची. पुढं पुढं सगळ्यांना सवय झाली. तिकटी बंद पडली की माणसं एकमेकांना फोन करून म्हणायची, आक्का वाटण वाटायल्यात, जेवण करून येऊ.

आपला यंत्रमागांच्या कबनूरचा सादिक, तो सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि त्याला कुठल्याही गोष्टीचा तक्ता करायची खोड आहे. त्यानं बरेच महिने तिकटी कधी कधी बंद पडते ते टिपून ठेवलं आणि एक दिवस तक्ताच टाकला. बुधवार, शुक्रवार, रविवार लांब बंद, म्हणजे मटण, कांदाखोबरं जास्त. बाकी दिवशी थोडकं, म्हणजे चटणी. मे महिन्यात भलत्याच वेळी बंद, म्हणजे मुक्ता पोरांना घेऊन आलीय आणि आंब्याचा रस चाललाय. लोक हसून लोळले. मीही. तक्त्याच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं की एक आठवडा तिकटी एकदाही बंद पडली नाही, म्हणजे आक्का तेव्हा आजारी असाव्यात. तू त्या आठवड्यात दवाखान्यात तपासण्या करून घेत होतीस आणि मुक्तालासुद्धा ते सांगितलं नव्हतंस.

तू सादिकला फोन केलास. तो बिचारा शिव्या खायच्या तयारीनं बसला होता. तू म्हणालीस, बेस काम केलंस. मग मला बोलावून घेतलंस आणि फ्रिजकडं बघत म्हणालीस, 'नुसत्या मिक्सरवरनं ह्याला माझं दुखणं कळलं. मग ज्यांच्याकडं आपलं सगळंच ठेवलंय, त्यास्नी काय काय कळत असंल?' तुझा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा खाली आलेला ऐकला. मला भीती वाटली, दुखण्याची आणि त्या आवाजाचीही. तू दुखण्याबद्दल काही बोलली नाहीस, विचारूही दिलं नाहीस.

तेव्हापासून नियम झाला. कोण कधी आलं, काय उघडलं, किती वेळ थांबलं, याची नोंद ठेवायची नाही. मशीन आपणहून जी ठेवतं तीही रोज पुसायची. पुसायचं काम मीच मशीनला लावून दिलं. सादिकनं तक्ता काढून टाकला आणि मी इलेक्ट्रिशियनकडून दुसरा प्लग बसवून घेतला. त्या दिवशी तिकटीवर चक्क हळहळ झाली, की आता आक्कांकडं काय शिजतंय ते कळायचं नाही. पुढचे कित्येक रविवार तू स्वतःच लिहायचीस, 'आज तांबडा-पांढरा केलाय. मी आपणहून सांगते तवाच कळून घ्यायचं.'

आता आपल्या भांडणाकडं येतो, कारण ते अजून मिटलेलं नाही.

ते सुरू झालं सादिकच्या प्रश्नानं. यंत्रमागाच्या खडखडाटात जन्म काढलेल्या माणसांना घरातलं कोणतं बोलणं ऐकू येतं आणि कोणतं येत नाही? तू त्याला रीत घालून दिलीस. माणूस पाठमोरा बसवायचा, घरातल्याच कुणीतरी नेहमीच्या आवाजात हाक मारायची, आणि कुठवर ऐकू येतं ते बघायचं. कबनूरच्या गल्ल्याच्या गल्ल्या यात आल्या. बायका नवऱ्यांना हाका मारू लागल्या आणि नवरे खरंच ऐकू येत नाही का ऐकायचं नाही म्हणून गप्प आहेत, यावरून घराघरांत नवे वाद निघाले. पण त्यातून निघालेलं चित्र हसण्यासारखं नव्हतं, कितीतरी जणांना त्याच खोलीतली हाकही पोचत नव्हती. जमेल तशी ती माहिती तुझ्या फ्रिजवरच्या मशीनमध्ये साठत गेली.

मग श्रवणयंत्रं विकणाऱ्या कुणा कंपनीच्या माणसाचा मला फोन आला, की ती माहिती द्या, आम्ही कबनूरला फुकट शिबिर घेतो. मी तुला सांगितलं. तू मला त्याला नाही म्हणायला लावलंस, तिथवर आपलं एकमत होतं. पण पुढं जे म्हणालीस त्यानं मी उडालो. ती माहिती तुझ्याकडंही नको, असं तू म्हणालीस. कान कबनूरचे, तर कबनूरची स्वतःची तिकटी हवी, त्यांच्या घरात, त्यांच्या मशीनवर. कुणाला दाखवायचं, कुणाला नाही, ते त्यांचं ते ठरवतील. दोन्ही तिकट्यांवरून एकमेकांना हाक मारता येईल, वाचता येईल, भांडता येईल. फक्त चुली वेगळ्या.

मी कडाडून विरोध केला. मशीन कोण सांभाळणार, वीज कितीदा जाते, कापसाची पिंज मशीनमध्ये शिरून ते आठवड्यात मरेल. आणि ही वाटणीच की, भाऊबंदकी आपल्या भागात काय कमी आहे म्हणून ती इंटरनेटवरही आणायची? तू म्हणालीस, वेगळी चूल मांडली म्हणजे भांडण झालं, हे तुला कसं कळलं? पाहिलं का वाटलं? मी चिडून 'पाहिलं' म्हणालो आणि माझ्या दोन्ही चुलत्यांची हकीकत सांगितली. तूही माघार घेईनास, मीही. बरेच महिने हे चाललं. लोक बाकीचे प्रश्न सोडून आपलं भांडण वाचायला यायचे.

एका दुपारी मी तुझ्याकडं जेवायला आलतो, तेव्हा तू ताटात भाकरी वाढता वाढता सांगितलंस, 'आमच्या आप्पांना ऐकूच यायचं न्हाय. मागानं कान खाल्लं. घरात हळू बोललेलं सगळं वाया जायचं, म्हणून आम्ही भावंडं अशी वरडून बोलतो. शाळेत बाई म्हणायच्या, मुलींनी असं बोलू नये. आप्पा मात्र म्हणायचे, माझ्या पोरीचं सगळं ऐकू येतंय मला.' मी अकरावीपासून तुझा आवाज ऐकत होतो, वर्गात त्याच्या नकला केल्या होत्या. तो आवाज कुठून आला ते त्या दिवशी कळलं. मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला, नाहीतर रडलो असतो.

तरी लगेच मान्य केलं नाही. खरं कारण मशीन नव्हतं, पिंजही नव्हती. कबनूरवाले गेले तर आपली तिकटी ओस पडेल आणि संध्याकाळी फौंड्रीतून येऊन मी कुणाशी भांडू, हे कारण होतं. हे तुला सांगणं जमलं नाही. तुला ते कळलं असणार, कारण तू एकदा मध्येच म्हणाली होतीस, मी कुठं जात न्हाय, मी हितंच हाय.

तर ती संध्याकाळ. मी घरी आलो, चहा घेतला आणि तिकटीवर तुला लिहिलं: 'आक्का, तू म्हणतेस ते बरोबर आहे. कबनूरला त्यांची तिकटी देऊ. रविवारी मशीन घेऊन सादिककडं जाऊ. मात्र बगळ्यांच्या बाबतीत तू चुकलीसच आहेस.' चारांपैकी 'वाटलं' निवडलं आणि पाठवून दिलं. आपल्या इतक्या भांडणांत मी पहिल्यांदा 'वाटलं' निवडलं होतं. तू त्यावर सोडणार नाहीस याची खात्री होती, म्हणून उत्तराची वाट बघत जेवलो आणि झोपलो.

सकाळी तुझ्या शेजारणीचा फोन आला. तू चहा ठेवलास आणि तिथंच खाली बसलीस ती उठली नाहीस.

तुझ्याकडं धावत येऊन तुला पाहिल्यावर, तू गेल्याचं तिकटीवर मीच लिहिलं. खाली एकानं सवयीनं विचारलं, 'कसं कळलं?' आणि पाठोपाठ माफी मागितली, म्हणाला, बोटं आपोआप चालली. मी म्हटलं, माफी कसली, हीच आक्काला खरी आदरांजली आहे. मग त्याला उत्तर लिहायला घेतलं आणि चार शब्द समोर आले. 'पाहिलं' निवडायला मला फार वेळ लागला.

त्यानंतर मी मशीन उघडून बसलो. तिकटीची किल्ली माझ्याकडं आहे. त्या संध्याकाळी तू आली होतीस का, माझं उत्तर उघडलं होतंस का, एवढंच बघायचं होतं. काहीच नव्हतं. मीच लावून दिलेल्या कामानं नेहमीप्रमाणे सगळं पुसलेलं. कुठल्याही मोठ्या कंपनीनं मला मिनिटासकट सांगितलं असतं, आणि वर शोकाकुल माणसाला लागणाऱ्या चार वस्तूंची जाहिरातही दाखवली असती. तुझा राग आला, आक्का. खरंच आला. मी त्या रिकाम्या पडद्याला एकेरीत बोललो.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मुक्ता, सादिक आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात बसलो होतो. मुक्ताला माझी तगमग दिसली असावी. तिनं तुझा फोन आणून माझ्या हातात दिला. म्हणाली, 'दादा, आईचा फोन उघडतो. त्यात दिसेल की तिनं ते पान बघितलं का. बघून टाका एकदाचं.'  मी सादिकला विचारलं, बघू का?

तो म्हणाला, 'मला नका विचारू भाऊ. माझ्या एका तक्त्यानं आक्कांचं दुखणं उघडं पडलंतं. मी पुन्हा त्यात पडणार न्हाय.'

मी फोन मुक्ताला परत दिला. त्यात मोठेपणा काही नाही. मला माहीत आहे, तेवढं एक पान बघून मी थांबलो नसतो. तू शेवटी काय शोधलंस, कुणाला काय लिहिलंस, कुठं दुखत होतं, हे सगळं बघत बसलो असतो, आणि तुला विचारायची सोय नाही. शिवाय तू वाचलं नव्हतंस असं निघालं असतं तर मी रडलो असतो, आणि वाचलं होतंस असं निघालं असतं तर मग उत्तर का दिलं नाहीस यावर वर्षभर कुढत बसलो असतो. माझा काही नेम नाही. मुक्ता म्हणाली, आईला तुमच्याबद्दल हेच वाटायचं. मग आम्ही तिघांनी चहा केला.

रविवारी, तुला लिहिलं होतं तसं, सादिकच्या घरी कबनूरची तिकटी बसवली. त्याच्या बायकोनं पिंज लागू नये म्हणून मशीनला जुन्या मच्छरदाणीचं झबलं शिवलंय, ते मशीन आता पाळण्यातल्या बाळासारखं दिसतं. कानांची सगळी माहिती तिकडं हलवली आणि इकडची पुसली. राजारामपुरीतली तिकटी मी आमच्या घरी आणली. दुपारी कबनूरहून आपल्या तिकटीवर पहिली हाक आली. लिहिलं होतं, 'आमचा आवाज येतोय का तिकडं?' पाच मिनिटांत इतक्या जणांनी ओ दिली की मला वाचता येईना. संध्याकाळपर्यंत दोन्ही तिकट्यांचं पाण्याच्या वासावरून भांडणही लागलं. कुठं काही ओस पडलेलं नाही. उलट आता मला भांडायला दोन घरं आहेत.

म्हणून हे परत लिहायला घेतलं. तू ते वाचलं असशील तर हे दुसऱ्यांदा होईल, आणि सुऱ्याला दोनदा कबूल करायला लावलं म्हणून तू अख्ख्या राजारामपुरीला ऐकवशील. वाचलं नसशील तर आता वाच. कबनूरच्या बाबतीत तुझं बरोबर होतं, आक्का. आणि मला तुझी फार आठवण येते. हे त्या संध्याकाळी लिहायचं राहिलं, कारण तेव्हा तू होतीस.